विश्लेषण : राजाला कैद करून संसद भरवणारा सायमन द माँटफोर्ट कोण होता?

राज्याचा कारभार ठरवताना केवळ बडे उमराव आणि धर्मगुरू नकोत, तर परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधीही हवेत, हा पायंडा इंग्लंडमध्ये जानेवारी १२६५ मध्ये पडला. तो पाडणारा माणूस राजा नव्हता आणि जन्माने इंग्रजही नव्हता. त्यानंतर अवघ्या साडेसहा महिन्यांत रणांगणावर त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. सायमन द माँटफोर्टचे आयुष्य आणि १२५८ ते १२६७ हे इंग्लंडच्या इतिहासातील खळबळजनक दशक यांचा हा आढावा…

राजाचा मेहुणा कसा झाला?

सायमनचा जन्म १२०८ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाला. त्याच नावाचे त्याचे वडील दक्षिण फ्रान्समधील धर्मयुद्धाचे सेनापती होते आणि १२१८ मध्ये तुलूझच्या वेढ्यात मारले गेले. आजीकडून इंग्लंडमधील लेस्टरच्या जहागिरीवर या घराण्याचा हक्क होता. धाकटा असल्याने फ्रान्समधील वतनात सायमनला फारसे काही मिळणार नव्हते. त्यामुळे १२३० च्या सुमारास तो इंग्लंडला आला आणि राजा तिसऱ्या हेन्रीची मर्जी संपादन करून त्याने ती जहागीर मिळवली.

जानेवारी १२३८ मध्ये राजाची विधवा बहीण एलेनॉर हिच्याशी त्याने गुपचूप लग्न केले. राजाची संमती होती, पण उमरावांना विचारले गेले नाही. शिवाय एलेनॉरने पुन्हा लग्न न करण्याची धार्मिक शपथ घेतली होती. त्यामुळे मोठे वादळ उठले. पुढे देशी उमरावांचा नेता ठरलेला सायमन तेव्हा त्यांच्या लेखी राजाचा परदेशी लाडका होता.

राजाशी बिनसले कशामुळे?

कारणे तत्त्वाची होती, तशी पैशाचीही. १२४८ मध्ये हेन्रीने त्याला नैर्ऋत्य फ्रान्समधील गॅस्कनी या आपल्या प्रांताचा कारभारी नेमले. सायमनने बंडखोरांना निर्दयपणे चिरडले. तक्रारी आल्यावर राजाने १२५२ मध्ये त्याची चौकशी लावली. तो निर्दोष ठरला, पण अपमान विसरला नाही. एलेनॉरला पहिल्या पतीच्या मालमत्तेतील पुरेसा वाटा राजाने मिळवून दिला नाही, ही तक्रार तर दोघांनी अखेरपर्यंत लावून धरली.

१२५८ मध्ये काय घडले?

हेन्रीने धाकटा मुलगा एडमंड याच्यासाठी सिसिलीचे सिंहासन पोपकडून स्वीकारले होते. त्या बदल्यात सुमारे १ लाख ३५ हजार मार्क देण्याचे कबूल केले. ही रक्कम राजाच्या आवाक्याबाहेरची होती आणि पैसे न दिल्यास धर्मबहिष्काराची टांगती तलवार होती. त्यातच पिके बुडाल्याने दुष्काळ पडला, वेल्समध्ये उठाव झाला आणि राजाच्या सावत्र भावांची अरेरावी वाढली.

एप्रिल १२५८ मध्ये सायमनसह काही उमराव चिलखते घालून वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात शिरले आणि राजाला सुधारणा मान्य करायला लावल्या. जूनमध्ये ऑक्सफर्ड येथे त्या तरतुदी ठरल्या. १५ जणांच्या मंडळाच्या सल्ल्याने राजाने कारभार करायचा, वर्षातून तीनदा संसद भरवायची, प्रमुख अधिकाऱ्यांनी दरवर्षी हिशेब द्यायचा. प्रत्येक परगण्यात चार नाइट नेमून लोकांच्या तक्रारी नोंदवायच्या असेही ठरले. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने राजाला मर्यादा घातल्या होत्या. येथे मात्र राज्यकारभारच त्याच्या हातून काढून घेतला गेला. त्याची घोषणा लॅटिन आणि फ्रेंचबरोबर इंग्रजीतही झाली. ज्या काळात राज्यकारभारात इंग्रजीला स्थान नव्हते, त्या काळात ही बाब लक्षणीय होती.

यादवी युद्ध का पेटले?

उमरावांत लवकरच फूट पडली. राजाच्या अधिकाऱ्यांची चौकशी ठीक, पण आपल्या जहागिरीतल्या कारभाराचीही चौकशी होणार म्हटल्यावर अनेकांचा उत्साह मावळला. १२६१ मध्ये हेन्रीने पोपकडून शपथेतून मुक्तता मिळवली. सायमन फ्रान्सला निघून गेला आणि १२६३ मध्ये परतून सुधारकांचा पुढारी बनला. वाद फ्रान्सचा राजा नववा लुई याच्यासमोर गेला. जानेवारी १२६४ मध्ये त्याने हेन्रीच्या बाजूने निवाडा दिला आणि तलवारी उपसल्या गेल्या.

१४ मे १२६४ रोजी लुइस येथे गाठ पडली. सायमनचे सैन्य संख्येने कमी होते. मात्र युवराज एडवर्ड लंडनकरांच्या तुकडीचा पाठलाग करत दूर गेला आणि सायमनने मुख्य फौज मोडून काढली. राजा आणि युवराज दोघेही हाती आले. हुकूम राजाच्या नावाने निघत, सत्ता मात्र सायमनची होती.

१२६५ ची संसद वेगळी का?

२० जानेवारी १२६५ रोजी वेस्टमिन्स्टरला संसद भरली. प्रत्येक परगण्यातून दोन नाइट आणि निवडक शहरांतून प्रत्येकी दोन नागरिक बोलावले गेले. परगण्यांचे नाइट यापूर्वीही आले होते. शहरांचे प्रतिनिधी राज्याच्या व्यापक कारभारासाठी बोलावणे मात्र नवे होते. यात गरजही होती. बहुतेक बडे उमराव दुरावल्याने अवघ्या २३ जणांनाच निमंत्रण गेले होते. पाठिंब्याचा पाया रुंद करणे सायमनला भाग होते.

दुसरी बाजू कोणती?

लेस्टरची जहागीर हाती येताच सायमनने तेथील ज्यूंना हाकलून दिले होते. यादवीच्या काळात त्याच्या समर्थकांनी लंडनसह अनेक शहरांत ज्यूंची कत्तल केली आणि कर्जाच्या नोंदी पळवल्या किंवा नष्ट केल्या. सावकारांच्या देण्यात बुडालेल्या छोट्या जमीनदारांना त्याचा फायदाच झाला. सत्ता हाती आल्यावर सायमनने मुलांना जमिनी आणि किल्ले दिले. राजाच्या ज्या नातलगशाहीविरुद्ध तो उभा ठाकला, तीच त्याच्या घरात आली. त्यामुळे ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट द क्लेअरही त्याला सोडून गेला.

शेवट कसा झाला?

२८ मे १२६५ रोजी हेरफर्डजवळ घोडे पारखण्याच्या निमित्ताने एडवर्डने पहारेकऱ्यांना गुंगारा दिला. ऑगस्टच्या आरंभी त्याने केनिलवर्थ येथे सायमनच्या मुलाच्या फौजेवर अचानक छापा घातला आणि तिची निशाणे ताब्यात घेतली. ४ ऑगस्टला ईव्हशम येथे तीच निशाणे फडकवत तो पुढे आला. मुलाची कुमक आली असे सायमनला वाटले. खरा प्रकार कळेपर्यंत उशीर झाला होता. नदीच्या वळणात अडकलेल्या सैन्याचा संहार झाला. थोरला मुलगा हेन्री वडिलांबरोबरच मारला गेला. सायमनचे शीर आणि हातपाय तोडण्यात आले. सायमनच्या गोटात कैदी असलेला राजाही ओळख न पटल्याने जखमी झाला. एलेनॉरने फ्रान्समध्ये आश्रय घेतला आणि १२७५ मध्ये तिचे तेथेच निधन झाले.

मागे काय उरले?

केनिलवर्थचा किल्ला डिसेंबर १२६६ पर्यंत झुंजला. सायमनच्या थडग्यावर सामान्य लोक संताच्या समाधीसारखी गर्दी करू लागले आणि राजाने त्याला संत म्हणण्यास मनाई केली. त्याच वेळी १२६७ च्या मार्लबरो कायद्यात सुधारकांच्या अनेक तरतुदी राजाने स्वतःच स्वीकारल्या. ज्याने सायमनचा पराभव केला, त्याच एडवर्डने राजा झाल्यावर १२९५ मध्ये परगण्यांतून दोन आणि शहरांतून दोन प्रतिनिधी बोलावले. मात्र त्याआधी १२९० मध्ये त्यानेच ज्यूंना संपूर्ण इंग्लंडमधून हद्दपार केले होते.

पुढे याच प्रतिनिधींतून हाऊस ऑफ कॉमन्स आकाराला आले. भारताने स्वीकारलेल्या संसदीय पद्धतीचे मूळही तेथेच आहे. सायमन लोकशाहीवादी नव्हता. सर्वांना मताधिकार ही कल्पनाही तेव्हा कोणाच्या मनात नव्हती. सत्ता टिकवण्यासाठी त्याने नव्या लोकांना दार उघडून दिले. तो गेल्यावर ते दार बंद करणे त्याच्या शत्रूंनाही परवडले नाही.