न्याहारीत शाकाहार आणणारे डॉ. जॉन हार्वे केलॉग

समाजातील अनेक घरांत आता सकाळी पोहे-उपम्याच्या जोडीला कॉर्नफ्लेक्सची वाटी दिसते. हा पदार्थ मांसत्यागाचा आग्रह धरणाऱ्या एका डॉक्टरांच्या आरोग्यधामात जन्मला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. तो प्राणिजन्य घटकांपासून पूर्णतः मुक्त आहे काय, हा प्रश्न मात्र घरातील व्रती मंडळी आणि परदेशी शिकणारी मुले दोघेही विचारतात.

जॉन हार्वे केलॉग यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८५२ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. वडील झाडू बनविण्याचा कारखाना चालवीत. कुटुंब सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. बॅटल क्रीक गावातील पंथाच्या छापखान्यात लहानग्या जॉनने खिळे जुळविण्याचे काम केले. आरोग्य आणि आहारसंयमावरील लेखन जुळविता जुळविताच त्याने ते वाचले आणि किशोरवयातच मांसाहार सोडला. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू वैद्यकीय महाविद्यालयातून १८७५ मध्ये पदवी घेऊन, १८७६ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी ते पंथाच्या आरोग्यसंस्थेचे प्रमुख झाले. हीच संस्था बॅटल क्रीक सॅनिटेरियम म्हणून जगप्रसिद्ध झाली. मांस, मद्य, तंबाखू, चहा, कॉफी यांना तेथे मज्जाव होता. त्या काळच्या सुखवस्तू अमेरिकनाची न्याहारी मांसाशिवाय होत नसे, हे लक्षात घेता या नियमाचे धाडस उमगते.

निषेध करणे सोपे. रुग्णाच्या ताटात पर्याय वाढणे कठीण. ते काम केलॉग दांपत्याने केले. पत्नी एला यांनी पाकशाळेत प्रयोग केले. शेंगदाणे व गव्हातील प्रथिने यांपासून मांसाला पर्यायी पदार्थ तयार झाले. १८९४ मध्ये शिजवलेला गहू काही काळ तसाच राहून गेला. श्रावकाच्या स्वयंपाकघरात असे शिळे अन्न बादच झाले असते. परंतु जॉन आणि धाकटे बंधू विल कीथ यांनी तो रुळांतून काढला, तेव्हा प्रत्येक दाण्याची स्वतंत्र पातळ पापडी निघाली. या कृतीचे पेटंट १४ एप्रिल १८९६ रोजी मिळाले. पुढे मक्यावरही तोच प्रयोग झाला.

विल यांना हा पदार्थ रुग्णालयाबाहेर न्यायचा होता, त्यात साखरही घालायची होती. डॉक्टरांना साखर मान्य नव्हती. १९०६ मध्ये विल यांनी स्वतंत्र कंपनी काढली आणि केलॉग या नावाच्या हक्कावरून सख्खे भाऊ अनेक वर्षे न्यायालयात भांडले. बाजार धाकट्याने जिंकला. पथ्याचे अन्न व्यापारी वस्तू झाले आणि त्यात काय घालावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या संशोधकाकडे उरला नाही.

डॉक्टरांचे चरित्र निष्कलंक नाही. चाळीसहून अधिक मुलांना त्यांनी घरात वाढविले, तरीही माणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ वंश मानणाऱ्या सुप्रजननवादी चळवळीचे ते खंदे पुरस्कर्ते होते. १९१४ मध्ये त्यांच्याच संस्थेत त्या विषयावरील परिषद भरली. मुक्या प्राण्यांविषयी करुणा बाळगणाऱ्या माणसाच्या ठायी ही दृष्टी असावी, ही खेदाची गोष्ट होय. पंथाशीही त्यांचे बिनसले आणि १९०७ मध्ये त्यांचे सदस्यत्व गेले.

त्यांच्या आहारविचाराचा मुख्य पाया शरीराचे आरोग्य हा होता. दह्याचे ते मोठे चाहते होते. म्हणून आजच्या अर्थाने त्यांना व्हीगन म्हणता येणार नाही. १४ डिसेंबर १९४३ रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दूध, दही, मध असे सर्वच प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांसाठी व्हीगन हा शब्द इंग्लंडमध्ये त्यानंतर, नोव्हेंबर १९४४ मध्ये घडविला गेला.

केलॉग बंधूंच्या पापडीचे मूळ धान्यच होते. अडचण नंतरच्या भरीची आहे. पोषणमूल्य वाढविण्यासाठी घालण्यात येणारे ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिन या स्निग्ध द्रव्यापासून बनते. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, म्हणून ते शाकाहारात धरले जाते. व्हीगन ते घेत नाहीत. ड-२ हे जीवनसत्त्व मात्र यीस्ट किंवा अळिंबीपासून मिळते, आणि अळिंबीविषयी जैन घरांत वेगळाच विचार करावा लागतो. साखरेचा थर दिलेल्या काही अमेरिकन प्रकारांत जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होत असल्याने सरळ त्याज्य ठरते.

केलॉग कंपनी १९९४ मध्ये भारतात आली व तळोजा येथे कारखाना उभा राहिला. पुढे पाकिटांवर हिरवा ठिपका आला. परंतु अन्नसुरक्षा नियमांत मधाची गणना मांसाहारात होत नाही. म्हणजे मध घातलेल्या फ्लेक्सवरही हिरवा ठिपका असू शकतो. मद्य-मांस-मधु यांचा त्याग केलेल्या श्रावकाला त्या ठिपक्यावर थांबता येत नाही, घटकांची यादीच वाचावी लागते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये निराळे नियम व बोधचिन्ह आले. त्यात दूध व मध दोन्ही वर्ज्य आहेत. कंदमुळांचा विचार मात्र त्यात नाही.