विश्लेषण : ७ पायऱ्यांत ६१७४! देवळालीच्या कापरेकर गुरुजींचे गणित आणि आजचे चिप डिझाइन यांचे नाते काय?

मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि १९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. हीच कृती पुन्हा पुन्हा केली की ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ येते. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च. हे कोडे नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळाशिक्षकाने जगाला दिले. १९०५ हे त्यांचे जन्मसाल.

कोण होते कापरेकर?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती आणि त्यातूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यात शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पदवी (१९२९) असे त्यांचे शिक्षण झाले. तिथेच १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे त्यांनी देवळालीत शिकवले.

शोध कोणते?

६१७४ हा स्थिरांक त्यांना १९४६ मध्ये सापडला आणि १९४९ मध्ये त्यांनी तो मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चारही अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तिथे पोहोचते. ४५चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज मिळवली की २१ येते, म्हणजे १५ ही २१ची जनक. २० ला मात्र असा जनकच नाही. अशा ‘स्वयंभू’ संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे.

चिप डिझाइनशी संबंध काय?

सर्किट तयार करण्याच्या एका पद्धतीला उत्क्रांती अल्गोरिदम म्हणतात. त्यात संगणक आधी लॉजिक गेट्सच्या शेकडो जोडण्या यादृच्छिकपणे तयार करतो. प्रत्येकीची चाचणी घेऊन गुण देतो. चांगल्या जोडण्या ठेवतो, त्यांचा संकर करतो, थोडा बदल करतो आणि पुढची पिढी तयार करतो. एक साधा नियम, आधीचे उत्तर हाच पुढचा प्रश्न आणि पुनरावृत्ती, हे सूत्र दोन्हीकडे सारखे आहे.

फरकही मोठा आहे. कापरेकरांच्या नियमात योगायोगाला जागा नाही. ७ पायऱ्यांची हमी आहे. उत्क्रांती अल्गोरिदम सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही. त्यामुळे उद्योगात असे सर्किट वापरण्याआधी ते सर्व इनपुटसाठी बरोबर आहे का, हे तपासावेच लागते. १६ इनपुट असतील तर ६५,५३६ शक्यता. ३२ असतील तर सुमारे ४२९ कोटी. चार अंकी संख्या फक्त ९,००० आहेत. संगणक त्या क्षणात तपासतो. कापरेकरांनी हे काम वही-पेन्सिलीवर सुरू केले.

दखल कधी घेतली गेली?

देशातील अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ ठरवले. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, तेव्हा कापरेकर स्वतःच पुस्तिका छापत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष वेधले गेले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९६६ मध्ये पत्नी गेली होती, निवृत्तिवेतन पुरत नव्हते आणि शिकवण्या सुरू होत्या.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. ही संख्या घेऊन तीच कृती करा, ६ पायऱ्यांत ६१७४ येते.