युद्ध टाळू पाहणारा प्राध्यापक : जाँ जोरेस

जाँ जोरेस हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेले नसेल. फ्रान्समध्ये मात्र शहरोशहरी त्यांच्या नावाचे रस्ते आणि शाळा आहेत.

त्यांचा जन्म १८५९ साली दक्षिण फ्रान्समधील कास्त्र या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. परंतु मुलगा इतका हुशार की, पॅरिसच्या नामांकित एकोल नॉर्मालच्या प्रवेशपरीक्षेत पहिला आला. पुढे तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले आणि वयाच्या २६ व्या वर्षी ते लोकसभेवर निवडून गेले. खाणकामगारांची बाजू घेतली, निरपराध द्रेफ्यूसाठी लढले, १९०४ साली ‘ल्युमानिते’ हे दैनिक काढले.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. फ्रान्स मोरोक्को गिळंकृत करीत असताना जोरेस यांनी लोकसभेत त्या धोरणाला सातत्याने विरोध केला. मोरोक्कोच्या लोकांना स्वतःची संस्कृती आहे, हे त्यांनी १९१२ साली भर सभागृहात बजावले. त्या काळी हे बोलायला छाती लागत असे.

ते सरसकट युद्धविरोधी होते, असा समज करून घेऊ नका. देशावर आक्रमण झाले तर प्रत्येक नागरिकाने लढलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी नागरिकांचे सैन्य कसे उभारावे यावर त्यांनी १९११ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रश्न होता तो आक्रमक कोणाला म्हणायचे हा. प्रत्येक सरकार आपण बचावासाठीच लढतो असे सांगते. जोरेस यांची कसोटी साधी होती: तंटा आधी लवादापुढे नेण्याची तयारी दाखवली का? ती न दाखवता जो लढाईला उभा राहील तो दोषी, मग ते आपले स्वतःचे सरकार का असेना! हेग येथे १८९९ साली लवादाचे कायम न्यायालय स्थापन झालेच होते.

लवाद दोघांनी मानला तरच चालतो, ही या विचारातली अडचण. जोरेस यांची भिस्त दोन्ही देशांतील कामगारांवर होती. तेथे त्यांचा अंदाज चुकला, हे मान्य केले पाहिजे.

१९१३ साली सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांची तीन वर्षे झाली. जोरेस यांनी कडाडून विरोध केला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना जर्मनीचा हस्तक ठरवले. २८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच दिवशी जोरेस ब्रुसेल्सच्या सभेत शांततेसाठी बोलत होते. ३१ तारखेला ते परराष्ट्र खात्यात गेले. रशियाला आवरा, इंग्लंडची मध्यस्थी स्वीकारायला लावा, एवढेच त्यांचे सांगणे होते. त्याच रात्री एका उपाहारगृहात जेवत असताना राऊल व्हिलँ या तरुणाने खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून केला. चार दिवसांनी, अंत्ययात्रेच्या दिवशीच, त्यांच्या पक्षाच्या खासदारांनी युद्धखर्चाला मान्यता दिली. जर्मनीतील समाजवाद्यांनीही तेच केले.

जोरेस यांचा मुलगा लुई सैन्यात दाखल झाला आणि जून १९१८ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, आघाडीवर मारला गेला. १९१९ साली व्हिलँवर खटला चालला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले आणि पती व पुत्र दोघेही गमावलेल्या श्रीमती जोरेस यांच्यावर खटल्याचा खर्च बसवण्यात आला.