मजूरमंत्री बाबासाहेब

दौलताबादचा किल्ला पाहिला नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणं कठीण. फर्स्ट इयरचा पहिला पाऊस पडला की सगळे तिकडेच धावतात. चांदमिनारासमोर फोटो, अंधारीत आरडाओरडा, वर पोचल्यावर धाप आणि खाली आल्यावर भजी! पण १९३४ साली याच किल्ल्याच्या दारात काय घडलं, हे किती जणांना माहीत आहे?

त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळ-दौलताबाद बघायला आले होते. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याने भरलेला हौद दिसला, तिथे त्यांनी हातपाय आणि तोंड धुतलं. एवढ्यात एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध गृहस्थ ओरडत आले, की या लोकांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. जमाव मुसलमानांचा होता. हिंदूंना जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगताना पुढे लिहून ठेवलं आहे. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही! त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

हे कोणाच्या बाबतीत? कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टर आणि गोलमेज परिषद गाजवून आलेल्या माणसाच्या बाबतीत. जी गोष्ट हक्काने मिळायला हवी ती कोणाच्या तरी मर्जीवर, अटी घालून मिळते तेव्हा काय वाटतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मला वाटतं, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या आयुष्यातली १९४२ ते १९४६ ही चार वर्षं नीट कळत नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात बाबासाहेब म्हणजे राज्यघटना, पूर्णविराम. ते मजूरमंत्री होते हे मला कळलं इंजिनिअरिंगला आल्यावर, तेही एका कामगाराच्या हाताकडे बघून.

सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगला एका कारखान्यात होतो (नाव लिहीत नाही). तिथे पॉवर प्रेसवर एक काका होते, त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. कॉन्ट्रॅक्टरने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे दिले आणि पुन्हा कामावर घेतलं, म्हणून ते त्या कॉन्ट्रॅक्टरला देवमाणूस म्हणायचे. मी विचार करत राहिलो की ते पैसे देवमाणसाचे होते, की कायद्याने त्यांचेच होते? शोधत गेलो आणि बाबासाहेबांपर्यंत पोचलो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. साताऱ्याची शाळा, मग मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल, १९१२ मध्ये बी.ए. आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, परळची चाळ. अनेक वर्षं ते गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांच्यासारख्याच खोलीत राहिले. दुसरी, न्यूयॉर्कचं साल. १९११ मध्ये तिथल्या ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ जण मेले होते, त्यात बहुतेक तरुण मुली. त्यानंतर तिथे कामगार भरपाईचा प्रश्न पेटला आणि १९१४ मध्ये तिथला कायदा अमलात आला. तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात अर्थशास्त्र शिकत होते. जर्मनीत तर बिस्मार्कने १८८४ मध्येच मालकांना अपघात विम्यात सक्तीने ओढलं होतं.

आपल्याकडे काय होतं? कामावर हात तुटला तर मालकाचा दोष कोर्टात सिद्ध करायचा! अंगठा उठवणारा कामगार वकील कुठून आणणार? १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. ना. म. जोशींसारख्या कामगार पुढाऱ्यांनी त्यासाठी खूप रेटा लावला होता. आता दोष कोणाचा हे सिद्ध करायची गरज उरली नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली की मालकाने पैसे द्यायचे. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचं परिशिष्टच जोडलेलं. त्यात पुढे एका हाताच्या दोन बोटांसमोर वीस टक्के असा आकडा होता. वाचताना विचित्र वाटतं, आपल्या डिझाइन डेटा बुकमधल्या टेबलसारखंच!

पण त्या कायद्यात एक मोठं भोक राहिलं. पैसे द्यायची जबाबदारी मालकावर टाकली, पण त्याने विमा काढलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. मालकाचं दिवाळं निघालं, ठेकेदार पळून गेला, तर निकालाचा कागद घेऊन काय करायचं?

१९२३ मध्येच बाबासाहेब लंडनहून परतले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आपण सगळे जाणतोच, तो इथे पुन्हा सांगत नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. आईची काळजी घेणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बायकांच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही वाटा द्यायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खर्च कोणी उचलायचा? पुढे विम्याच्या वेळी हाच प्रश्न त्यांच्यासमोर येणार होता.

कामगारांच्या बाजूने बोलताना त्यांनी कामगारांनाही सोडलं नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. पगार तर तिथेच जास्त. संप म्हटलं की सगळे कामगार एक आणि मागावर मात्र जात आठवते, हे ढोंग त्यांनी उघडं केलं. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथून जवळच मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असं सांगितलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने मुंबईत मोठा संप घडवला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. काळ महायुद्धाचा. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले होते, डिसेंबरात कलकत्त्यावर पडले. आता विचार करा. गोदीतला हमाल बॉम्बने जखमी झाला, तर ती कामामुळे झालेली इजा का? यंत्राने हात तुटला तर ठीक, पण बॉम्ब काही मालकाने टाकला नाही! सरकारकडून अशांना ठराविक मदत मिळे, ती १९२३ च्या कायद्याच्या भरपाईपेक्षा कमी पडे.

यावर बाबासाहेबांनी १९४३ मध्ये युद्धातील इजा (भरपाई विमा) हा कायदा आणला. कारखाने, खाणी, मोठी बंदरं अशा ठिकाणच्या मालकांवर सरकारी मदतीच्या वरच्या भरपाईची जबाबदारी टाकली. आणि ते भोक बुजवलं! प्रत्येक मालकाने सरकारी योजनेत विमा काढायचाच, हप्ता भरायचाच, नाही भरला तर शिक्षा. सगळ्यांच्या हप्त्यांचा एक फंड, त्यातून पैसे. बॉम्ब कोणाच्या गोदीवर पडेल सांगता येत नाही, म्हणून धोका सगळ्यांनी वाटून घ्यायचा. कामगाराला मालकाचा खिसा आणि मालकाचं मन, दोन्ही बघायची गरज उरली नाही. कायदा युद्धापुरता, पण विचार मोठा होता.

त्याच वर्षी प्रा. बी. पी. अडारकरांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगण्यात आलं. १९४४ मध्ये अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो झाला. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते, मजूर खातं बाबू जगजीवनराम यांच्याकडे होतं. श्रेय वाटायचं तर असं वाटावं.

श्रेयाचं निघालंच आहे तर सांगतो. चौदा तासांचा दिवस बाबासाहेबांनी आठ तासांचा केला, असे मेसेज दर १४ एप्रिलला फिरतात. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यातच बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. त्यांच्या कारकिर्दीतल्या बिलाने ती ४८ वर आणली, १ ऑगस्ट १९४६ पासून. सहा तास! हे काय कमी आहे? त्यासाठी आकडे फुगवायची गरज नाही.

आणि सगळंच गोड होतं असंही नाही. १९४३ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने बायकांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली आणि सरकारच्या वतीने त्याचं समर्थन बाबासाहेबांना करावं लागलं. पुरुषांइतकीच मजुरी द्या ही अट होती, तरी मला हे पटत नाही. १९४६ मध्ये बंदी परत आली. मधल्या काळात ते स्वतः झरियाच्या खाणीत उतरून आले आणि कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. (सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, दामोदर खोऱ्याचं नियोजनही याच खात्यात सुरू झालं. त्यावर वेगळा लेख होईल.)

त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला ईएसआयमध्ये मिळालं. या योजनेत ठेकेदाराच्या कामगाराचा हप्तासुद्धा आधी मुख्य मालकानेच भरायचा, मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. मालकाने हप्ता चुकवला तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा व १९४८ चा हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. आता घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही काही अटींवर कामावरचा धरला जातो आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं. त्या काकांकडे असा एकही कागद नव्हता. त्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात होते का, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांचं मजूर खातं संपलं. पुढे घटना, हिंदू कोड बिल, १९५१ चा राजीनामा. पण आपल्या औरंगाबादशी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरशी, त्यांचं नातं उलट घट्ट झालं. जून १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथे सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच आपलं मिलिंद कॉलेज. मराठवाड्यात तेव्हा कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बांधकामावर ते जातीने लक्ष ठेवत, इथे येऊन राहत. किल्ल्याच्या दारातला तो प्रसंग घडून तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षं झाली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर, ज्या गिरणगावात ते वाढले त्याच्या शेजारीच, त्यांना निरोप देण्यात आला.