सर रोनाल्ड रॉस

जामसांवलीच्या वाटेवर पावसाळ्यात साचलेली डबकी पाहिली की आम्हांस दूरच्या मॉरिशस बेटाची आठवण होते. उसाच्या मळ्यांत राबावयास तेथे गेलेल्या मजुरांत आमचे कोकणचे लोकही होते. १८६७ साली त्या बेटावर हिवतापाने हजारो माणसे दगावली. दूषित हवेने हा ताप येतो, असा तेव्हा समज होता.

तो खोटा ठरविणारे रोनाल्ड रॉस १८५७ साली अलमोड्यास जन्मले. सैन्यातील वैद्यकीय नोकरीत असता सिकंदराबादेस त्यांनी असंख्य डास चिरून पाहिले. हुसेनखान नावाच्या तापकऱ्यास ते दर डासाच्या चाव्यामागे एक आणा देत. (हा सौदा आम्हांस थोडा स्वस्तच वाटतो!) अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०७ साली रॉस मॉरिशसला गेले. डबकी बुजविण्याची व पाण्यास वाट काढून देण्याची योजना त्यांनी आखून दिली. १९३२ साली ते निवर्तले. बेट हिवतापमुक्त ठरले ते १९७३ साली. पण १९७५ च्या चक्रीवादळानंतर ताप पुन्हा शिरला, आणि बेटवासीयांना डबक्यांशी नव्याने झुंजावे लागले.