शिस्तीचे मास्तर : ब्रांको झेबेत्स

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला फुटबॉलमध्ये १०-१ असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या दहापैकी चार गोल झाग्रेबच्या ब्रांको झेबेत्स या २३ वर्षांच्या तरुणाचे होते. स्पर्धेत त्यांचे एकूण ७ गोल. संघाला रौप्यपदक मिळाले.

पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी जर्मनीत नाव काढले. सराव अतिशय कडक. १९६९ मध्ये बायर्न म्युनिकला त्यांनी लीग आणि चषक दोन्ही जिंकून दिले. लीगच्या सबंध मोसमात खेळाडू वापरले फक्त १३! १९७९ मध्ये हॅम्बुर्गलाही लीगचे विजेतेपद मिळाले.

पण दुसऱ्यांना शिस्त लावणारे हे मास्तर स्वतः दारूपुढे हरले. १९८० मध्ये हॅम्बुर्ग युरोपियन कपच्या अंतिम फेरीत पोहोचले, तिथे ०-१ ने हरले, आणि त्याच डिसेंबरमध्ये व्यसनापायी झेबेत्स यांची नोकरी गेली. १९८८ मध्ये ५९ व्या वर्षी ते वारले.

आम्ही रेल्वेवाले गाडी सुटण्याआधी ब्रेक तपासतो. माणसाने आपलाही ब्रेक अधूनमधून तपासावा, एवढेच या थोर खेळाडूच्या आयुष्यातून घ्यावेसे वाटते.