वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर

देवाची षोडशोपचार पूजा चालली असता भटजी पुरुषसूक्त म्हणतात, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. सूक्ताच्या ऋचा सोळा व पूजेचे उपचारही सोळा. पहिल्या ऋचेला आवाहन, दुसरीला आसन, याप्रमाणे एकेका ऋचेला एकेक उपचार देवास अर्पण होतो. परंतु त्या ऋचांत काय सांगितले आहे असे विचारले, तर उत्तर देणारे गावात एक-दोनच निघतील. ऐकणारे हात जोडून बसतात आणि म्हणणाऱ्यांपैकीही पुष्कळांचे पाठांतर चोख असले तरी अर्थाशी ओळख नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आपला चालता धंदा, घरदार व अर्धे आयुष्य खर्ची घातले, ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर होत.

पंडितजींचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे झाला. घराणे वैदिकाचे, परिस्थिती बेताची. वेदांचे संस्कार घरातच झाले व संस्कृताचे अध्ययनही लहान वयात सुरू झाले. पण मुलाच्या हातात कला होती. सावंतवाडीस चित्रकलेचे प्राथमिक शिक्षण घेऊन ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तेथे त्यांनी नाव मिळविले. पुढे १९०० च्या सुमारास हैदराबादेस जाऊन त्यांनी चित्रशाळा थाटली. थोरामोठ्यांची तैलचित्रे काढावीत व चार पैसे गाठीस बांधावेत, असे सुखाचे दिवस होते. भिक्षुकाच्या मुलाने याहून अधिक काय मिळवायचे, असे कोणासही वाटले असते.

हैदराबादेस त्यांचा आर्यसमाजाशी संबंध आला. स्वामी दयानंदांच्या ग्रंथांचे त्यांनी मराठीत भाषांतर केले आणि लहानपणी कानांवर पडलेल्या मंत्रांकडे ते आता अर्थाच्या दृष्टीने पाहू लागले. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात त्रेसष्ट मंत्रांचे भूमिसूक्त आहे. त्यात भूमीला आईचे नाते लावलेले आहे. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या व निरनिराळे आचार पाळणाऱ्या लोकांना ती एका घरातील माणसांप्रमाणे सांभाळते, असे त्यात म्हटले आहे. इतकेच काय, जमीन खणताना तिच्या मर्मावर घाव बसू नये व खणलेले लवकर भरून यावे, अशी प्रार्थनाही तेथे आहे. नांगर धरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. या सूक्तावर पंडितजींनी ‘वैदिक राष्ट्रगीत’ ही पुस्तिका लिहिली. इंग्रज सरकारने ती जप्त केली! हजारो वर्षे ब्राह्मण मंत्र म्हणत आले, तेव्हा कोणत्याही राजाला धास्ती वाटली नाही. अर्थ सांगताच मात्र सरकारदप्तरी त्याची नोंद झाली.

पुढे वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर त्यांनी लिहिलेला लेख कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात १९०८ साली छापून आला आणि राजद्रोहाचा खटला उभा राहिला. संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांना शिक्षा झाली. पंडितजी तेव्हा हरिद्वारकडे गुरुकुलात होते. तेथून त्यांना पकडून कोल्हापुरास आणले व तुरुंगाची कोठडी त्यांच्याही वाट्याला आली. त्यातून सुटल्यावर त्यांनी लाहोर गाठले, पुन्हा चित्रशाळा काढली व जमही बसविला. तेथेही सरकारची नजर त्यांच्यावर राहिलीच.

अखेर १९१८ च्या सुमारास ते सातारा भागातील औंध संस्थानात आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या आश्रयाने पंडितजींनी तेथे स्वाध्याय मंडळ स्थापन केले. वय पन्नाशीचे झाले होते. या वयात लोक पेन्शनचा हिशेब करू लागतात. पंडितजींनी कुंचला बाजूला ठेवला व छापखान्याचे खिळे हाती घेतले.

वेद छापणे म्हणजे साधे पुस्तक छापणे नव्हे. अक्षराखाली आडवी रेघ, अक्षरावर उभी रेघ, या खुणांनी स्वर दाखवावे लागतात. एक रेघ सरकली की पाठ अशुद्ध झाला. अशा रीतीने चारही वेदांच्या संहिता स्वरांसह शुद्ध छापून सामान्य माणसास परवडेल अशा किमतीत देण्याचे काम मंडळाने केले. यजुर्वेदाच्या काठक, मैत्रायणी यांसारख्या दुर्मिळ शाखांच्या संहिताही काढल्या. एकेका देवतेचे सर्व मंत्र एकत्र करून ‘दैवत संहिता’ सिद्ध केली, म्हणजे अग्नीविषयी किंवा मरुतांविषयी वेदांत काय आहे ते वाचकास एका जागी सापडावे. मराठीत ‘पुरुषार्थ’ व हिंदीत ‘वैदिक धर्म’ अशी मासिके चालविली. वेदांवर सुबोध भाष्य लिहिले, गीतेवर ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका लिहिली. गुरू न मिळणाऱ्यालाही संस्कृत घरबसल्या शिकता यावे म्हणून त्यांनी सोपे पाठ तयार केले, त्यांचा लाभ सर्व प्रांतांतील लोकांनी घेतला.

या सर्व लेखनातून पंडितजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मांडतात. परमेश्वर विश्वाच्या बाहेर कोठे बसलेला नाही, तर हे दिसणारे विश्व हेच त्याचे रूप आहे. पुरुषसूक्तात त्या विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र, डोळ्यांपासून सूर्य, प्राणापासून वायू, पायांपासून भूमी झाल्याचे वर्णन आहे. उलट ऐतरेय उपनिषदात तेच देव माणसाच्या देहात येऊन राहिले असे सांगितले आहे: अग्नी वाणी होऊन मुखात, वायू प्राण होऊन नाकात, सूर्य दृष्टी होऊन डोळ्यांत. म्हणजे बाहेर जे आहे तेच आत आहे. मग देह हा मलमूत्राचा गोळा म्हणून तुच्छ कसा ठरेल? ते तर देवांचे मंदिर! जग मिथ्या म्हणून त्यास पाठ फिरविणे पंडितजींना मान्य नव्हते. सर्व एकाच देहाचे अवयव, तेव्हा पायात काटा रुतला की पाणी डोळ्यांत आलेच पाहिजे. शेजारच्या माणसाची सेवा ही त्या विराट पुरुषाचीच पूजा. हे मत सर्व शास्त्रीमंडळींना पटले असे नाही. आर्यसमाजाशीही त्यांचे पुढे मतभेद झाले. पण पंडितजींनी कोणाच्या रागलोभाकडे पाहून अर्थ बदलला नाही.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर सातारा भागात जाळपोळ झाली, औंध संस्थानही विलीन झाले. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी पंडितजींनी स्वाध्याय मंडळाचा सारा संसार उचलून गुजरातेतील पारडी येथे नेला व नव्याने मांडला. लेखन थांबले नाही.

१९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, शंभर वर्षे पूर्ण करून एकशे एकावे चालू असता, त्यांचे देहावसान झाले. लाहोरात १९१५ साली जन्मलेले त्यांचे चिरंजीव माधवराव हे नामवंत चित्रकार झाले व पुढे महाराष्ट्र राज्याचे कला संचालक म्हणूनही त्यांनी काम पाहिले.